न आलेली गाडी : रॅलीच्या रेडिओ चौकीवर पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी

मोटार रॅलीतील स्पेशल स्टेज म्हणजे इतर वाहतूक पूर्ण बंद करून केवळ वेळ मोजण्यासाठी मोकळा ठेवलेला रस्त्याचा तुकडा. त्यावर गाड्या एकत्र सुटत नाहीत. एकेक गाडी ठरावीक अंतराने, कच्च्या रस्त्यावर बहुधा दोन मिनिटांनी, सोडली जाते. पहिल्या वळणाआड गेलेली गाडी संयोजकांना दिसत नाही. पुढे ती नाल्यात उतरली किंवा उलटली, तर मागून येणाऱ्या गाडीलाही ती दिसेलच असे नाही, कारण कोरड्या दिवसांत आपल्याकडची मुरमाड वाट गाडी गेल्यानंतरही बराच वेळ धुळीने भरलेली असते आणि त्या धुळीत चालकाचे सगळे लक्ष पुढच्या वळणावर असते.

म्हणून स्टेजवर ठिकठिकाणी रेडिओ चौक्या बसवतात. आंतरराष्ट्रीय पद्धतीत दोन चौक्यांमधले अंतर साधारण ५ किलोमीटरच्या आत ठेवतात. चौकीवर बसणाऱ्याचे काम मोजणीचे आहे. सुटलेल्या प्रत्येक गाडीचा हिशेब लागला पाहिजे आणि ज्या गाडीचा हिशेब लागत नाही ती कोणत्या दोन चौक्यांच्या मध्ये आहे, हे एकदोन मिनिटांत सांगता आले पाहिजे. पुढचे सारे विवेचन या एका गोष्टीसाठी आहे.

परवाना आणि यंत्र

प्रथम कायद्याची बाजू पूर्ण करावी. आपल्या देशात चौकीवरचा हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांचा बिनतारी संच, चालवण्यासाठी केंद्रीय दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) शाखेचा परवाना लागतो. वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही परीक्षा देता येते. रिस्ट्रिक्टेड श्रेणीसाठी मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची सांकेतिक लिपी, येण्याची गरज नाही आणि रॅलीच्या कामाला ही श्रेणी पुरते. परीक्षेच्या तयारीसाठी हैदराबादची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲमॅच्युअर रेडिओ ही संस्था नांदेड, लातूरकडच्या मंडळींना मुंबईपेक्षा जवळची आहे. लातूर-धाराशिव भागातील जुन्या लोकांना हॅम रेडिओची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही, कारण ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर संपर्क उभा करण्यात हॅम मंडळींनी मोठा वाटा उचलला होता.

परवाना असलेल्या हॅमने या कामाचा मोबदला घ्यायचा नसतो. ही सेवा हौशी आहे आणि पैशाच्या व्यवहारासाठी वापरता येत नाही. स्पर्धेच्या व्यावसायिक कामकाजाचे बोलणेही या लहरींवर करू नये. त्यासाठी संयोजकांनी डब्ल्यूपीसीकडून आपली स्वतंत्र वारंवारता घ्यावी. बाजारात स्वस्तात मिळणारे वॉकीटॉकी ‘परवान्याशिवाय चालतात’ असे सांगून विकले जातात, त्यावर विसंबू नये. परवानामुक्त पट्टे मोजकेच आहेत, त्यांची शक्तिमर्यादा कमी आहे आणि डोंगराळ स्टेजवर त्यांचा भरवसा धरता येत नाही.

कामाचा पट्टा म्हणजे दोन मीटर तरंगलांबीचा, भारतात १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. चौकीवर शक्यतो गाडीत बसवायचा पंचवीस वॅटच्या आसपासचा संच असावा आणि हातातला छोटा संच जोडीला असावा, एकमेव म्हणून नसावा. विजेचा हिशेब सोपा आहे: असा संच ऐकताना सुमारे अर्धा अँपिअर आणि बोलताना पाच-सहा अँपिअर घेतो, म्हणजे आठ तासांत एक दशांश वेळ बोलणे झाले तरी नऊ-दहा अँपिअर-तास पुरतात. गाडीच्या बॅटरीवरच विसंबले तर संध्याकाळी गाडी सुरू न होण्याचा धोका असतो, म्हणून बारा व्होल्टची वेगळी बॅटरी न्यावी. एप्रिल-मे महिन्यांत ती आणि संच दोन्ही सावलीत ठेवावे. चाळीस अंशांच्या पुढच्या उन्हात डॅशबोर्डवर ठेवलेला हातसंच तापून निकामी होऊ शकतो.

रस्ता आधी पायाखाली घालावा

नवख्यांची सर्वांत मोठी चूक येथे होते. ते नकाशावर अंतर मोजतात, पण अतिउच्च वारंवारतेच्या लहरींना अंतराइतकाच, किंबहुना अधिक, अडथळा डोंगराचा असतो. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. सपाट प्रदेशात अँटेनाचे क्षितिज काढण्याचे सूत्र असे आहे: अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला ४.१२ ने गुणावे, म्हणजे किलोमीटर मिळतात. हातात धरलेल्या, दीड मीटर उंचीवरच्या अँटेनासाठी हा आकडा जेमतेम ५ किलोमीटर येतो, तर नऊ मीटरच्या खांबावरील अँटेनासाठी १२ किलोमीटरच्या वर जातो. दोन्ही टोकांची क्षितिजे मिळून पल्ला ठरतो. खांबाची किंमत किती आहे, ते या दोन आकड्यांवरून कळते.

परंतु मराठवाड्यात सपाट प्रदेशाचे गणित गोदावरीच्या काठापुरते चालते. बालाघाटाच्या रांगांत किंवा उत्तरेकडे अजिंठ्याच्या डोंगरात काळ्या बसाल्टच्या कड्याआड बसलेली चौकी दोन किलोमीटरवरूनही ऐकू येत नाही. उलट म्हैसमाळचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,०६७ मीटर उंच आहे. अशा माथ्यावर बसलेल्या एका माणसाला खालचा मोठा टापू स्पष्ट ऐकू येतो. अशी उंच जागा स्टेजजवळ मिळाली तर तेथे एक अनुभवी ऑपरेटर केवळ रिलेसाठी बसवावा. ज्या दोन चौक्यांना एकमेकींचे ऐकू येत नाही, त्यांचे निरोप तो शब्दशः पुढे सांगतो. माझा अनुभव असा आहे की मध्यम आकाराच्या स्टेजला असा रिलेवरचा माणूस यंत्रसामग्रीतील कोणत्याही सुधारणेपेक्षा अधिक उपयोगी पडतो.

सरावासाठी रॅलीची वाट पाहण्याची गरज नाही. मांजरसुंब्याच्या किंवा कन्नडच्या घाटाजवळ एकाने वर, एकाने पायथ्याशी आणि तिसऱ्याने मधल्या वळणावर, वाहतुकीपासून सुरक्षित अंतरावर, थांबून अर्धा दिवस बोलून पाहावे. कन्नडकडे गौताळा अभयारण्य लागून आहे, त्याच्या हद्दीत विनापरवाना शिरू नये. प्रत्येक जागेवरून कोण ऐकू येते आणि कोण येत नाही, याची वही करावी. प्रत्यक्ष स्टेजची पाहणीही अशीच, रॅलीच्या किमान एक दिवस आधी, ठरलेल्या जागेवर आणि ठरलेल्या अँटेनाने करावी. चौकीची जागा वीस-तीस मीटर इकडेतिकडे केल्याने मृत जागा जिवंत होते, हे त्याच दिवशी कळलेले बरे. शेजारी उसाचा फड उभा असेल तर अँटेना त्याच्या शेंड्यावर न्यावी. केबल मात्र आखूड ठेवावी, कारण आरजी-५८ सारख्या बारीक केबलच्या दहा मीटरमध्ये सुमारे दोन डेसिबल, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक शक्ती वाया जाते.

चौकी मांडताना

चौकी वळणाच्या बाहेरच्या बाजूला कधीही लावू नये. घसरलेली गाडी तिकडेच येते. रस्त्यापेक्षा उंच आणि येणारी गाडी आधी दिसेल अशी जागा निवडावी. आपले वाहन आत खोलवर उभे करावे आणि अँटेनाच्या खांबाचे ताण-दोर रस्त्याच्या दिशेने बांधू नयेत. चौकीवर दोन माणसे हवीत: एक रेडिओ आणि तक्ता सांभाळतो, दुसरा गाडीचा क्रमांक वाचून मोठ्याने सांगतो. एकट्या माणसाने लिहिण्यासाठी मान खाली घातली की गाडी निघून जाते आणि मग क्रमांकाचा अंदाज केला जातो. अंदाजाने लिहिलेला क्रमांक न लिहिलेल्या क्रमांकापेक्षा घातक असतो, कारण तो न पोहोचलेल्या गाडीला पोहोचलेली दाखवतो. धुळीत क्रमांक दिसला नाही तर ‘क्रमांक न दिसलेली एक गाडी गेली’ असेच सांगावे.

सर्व घड्याळे सकाळी नेट कंट्रोलशी सेकंदापर्यंत जुळवून घ्यावीत. नेट कंट्रोल म्हणजे संयोजकांच्या मुख्य कक्षात बसून सर्व चौक्यांचे बोलणे नियंत्रित करणारे केंद्र. त्याच्या परवानगीशिवाय कोणी मध्ये बोलत नाही. आणीबाणी हा एकच अपवाद.

आकडे बोलण्याची शिस्त

येथे मराठी माणसाला विशेष काळजी घ्यावी लागते. आपली दोन अंकी संख्यानामे घरात, बाजारात कितीही सोयीची असली तरी खरखरणाऱ्या रेडिओवर ती दगा देतात. सत्तावीस आणि सदतीस, त्रेपन्न आणि त्रेसष्ट, एकोणसाठ आणि एकोणसत्तर, त्र्याऐंशी आणि त्र्याण्णव यांतला फरक एखाद-दोन अक्षरांचा असतो आणि नेमकी तीच अक्षरे खरखरीत बुडतात. सात आणि साठ तर शांत खोलीतही चुकतात. म्हणून क्रमांक नेहमी एकेक अंक सुटा करून बोलावा: ‘गाडी सहा-तीन’, ‘गाडी दोन-सात’. भाषेची सरमिसळ करू नये. एक जण इंग्रजी ‘एट’ म्हणतो, दुसरा मराठी ‘एक’ ऐकतो, आणि तक्त्यात आठच्या जागी एकची नोंद होते. अंक मराठीत बोलायचे की इंग्रजीत, हे सकाळच्या बैठकीत ठरवावे आणि परगावचे ऑपरेटर असतील तर इंग्रजीच स्वीकारावे.

निरोप आखूड आणि एकाच क्रमाने द्यावा: आधी ज्याला बोलवायचे त्याचे नाव, मग आपले, मग मजकूर. ‘कंट्रोल, चौकी दोन. गाडी एक-एक, दहा अठ्ठावीस. ओव्हर.’ वेळ सांगतानाही शंका वाटली तर अंक सुटे करावेत. बटण दाबल्यावर अर्धा सेकंद थांबून बोलावे, अन्यथा पहिले अक्षर जाते. कंट्रोलने क्रमांक परत उच्चारला की तो आपल्या तक्त्याशी ताडून पाहावा. चुकीचा असेल तर गप्प बसू नये.

तक्ता हाच कणा

मोठ्या कागदावर डावीकडे गाड्यांचे क्रमांक सुटण्याच्या क्रमाने लिहावेत आणि उभे रकाने आखावेत: सुरुवात, चौकी एक, चौकी दोन, याप्रमाणे शेवटपर्यंत. गाडी सुटताच सुरुवातीच्या चौकीने तिचा क्रमांक आणि वेळ सांगायची. प्रत्येक चौकीने ती वेळ आपल्याही तक्त्यात लिहायची, म्हणजे आपल्याकडे कोण येणार आहे ते आधीच ठाऊक असते. कंट्रोलकडे संपूर्ण तक्ता भरत जातो. त्यात डावीकडून उजवीकडे सरकणाऱ्या नोंदींमध्ये एखाद्या ओळीची नोंद थांबली तर ती रिकामी चौकट आपोआप डोळ्यात भरते.

एक उदाहरण घेऊ. स्टेज १८ किलोमीटरची आहे, चौकी एक ५ किलोमीटरवर, चौकी दोन १० किलोमीटरवर. गाड्या दोन-दोन मिनिटांनी सुटतात आणि सोयीसाठी सरासरी वेग ताशी ७५ किलोमीटर धरला, तर ५ किलोमीटरला चार मिनिटे लागतात. गाडी १२ ही १०:२२ ला सुटली आणि १०:२६ ला चौकी एकवरून गेली. चौकी दोनवर ती १०:३० ला यायला हवी. १०:३१ झाले तरी ती आली नाही. चौकी दोनने याच क्षणी सांगावे: ‘कंट्रोल, चौकी दोन. गाडी एक-दोन अपेक्षित होती, आलेली नाही.’ या वेळी तिच्या मागे चार गाड्या सुटलेल्या आहेत, १३ ते १६. त्यांपैकी १३ आणि १४ या दोनच चौकी एकच्या पुढे गेल्या आहेत. गरज भासली तर १५ आणि १६ यांना चौकी एकवर थांबवता येते.

मधल्या चौक्या नसत्या तर काय झाले असते, तेही पाहावे. गाडी १३ शेवटी १०:३८ नंतर पोहोचली असती, तेव्हा १२ मध्येच राहिल्याचे कळले असते, आणि तोपर्यंत तिच्यामागे आठ गाड्या सुटल्या असत्या. शिवाय शोध घ्यायचा तो पाच नव्हे, अठरा किलोमीटरमध्ये. जखमी चालकाच्या दृष्टीने हा फरक किती मोठा आहे, ते वेगळे सांगायला नको.

यावरून एक सवय लावून घ्यावी: गाडी आल्यावर नोंद करणे हे निम्मे काम, आणि यायची वेळ उलटली की न विचारता सांगणे हे उरलेले निम्मे. ‘येईलच आता’ म्हणून थांबू नये. चाक पंक्चर होऊन गाडी सावकाश येत असेल, बहुतेक वेळा तसेच असते, तर नोंद मागे घेण्यात काही कमीपणा नाही.

गाडी आली नाही तर

कंट्रोल प्रथम मागच्या चौकीकडून खात्री करून घेते की ती गाडी तेथून खरोखर गेली होती. मग तिच्यामागच्या गाड्यांकडे लक्ष देते. गाडी १३ वेळेवर चौकी दोनवर आली, तर १२ बहुधा रस्त्याबाहेर पण सुखरूप उभी आहे, किंवा कोणालाच दिसणार नाही अशा जागी गेली आहे. यांतले कोणते, हे १३ च्या चालकाला स्टेजच्या शेवटी थांब्यावर विचारून कळते. पण १३ देखील आली नाही, तर प्रकरण गंभीर समजावे. रॅलीचा नियम असा आहे की प्रत्येक गाडीत एका बाजूला लाल एसओएस आणि दुसऱ्या बाजूला हिरवा ओके असा फलक असतो, किमान ए-३ आकाराचा. वैद्यकीय मदत नको असेल तर ओके दाखवायचा आणि गाडीच्या किमान ५० मीटर आधी त्रिकोण उभा करायचा. मदत हवी असेल तर एसओएस दाखवायचा. एसओएस दिसलेल्या पहिल्या गाडीने थांबून मदत करायची, दुसऱ्याने पुढच्या रेडिओ चौकीवर जाऊन कळवायचे आणि त्यानंतरच्या गाड्यांनीही थांबायचे. म्हणजे ओळीने दोन चौकटी रिकाम्या राहिल्या तर कोणीतरी मदतीसाठी थांबले आहे, असे तक्ताच सांगतो. कंट्रोलने त्याच क्षणी वैद्यकीय पथकाला इंजिन सुरू करायला सांगावे.

निरोप घेऊन आलेली गाडी चौकीवर थांबली की घाईत सांगितलेले जसेच्या तसे पाठवू नये. चालकाला चार प्रश्न विचारावेत: गाडी कोणती, मागच्या चौकीपासून किंवा रोड बुकमधील (मार्गाच्या वहीतील) खुणेपासून किती अंतरावर, चालक आणि सहचालक दोघे बाहेर आले आहेत का आणि शुद्धीवर आहेत का, रस्ता अडला आहे का. आग असेल तर ती सर्वांत आधी. या उत्तरांवर ठरते की डॉक्टर पाठवायचे, अग्निशामक पाठवायचे की फक्त गाडी ओढणारे वाहन. जखमींची नावे आणि जखमांचे वर्णन रेडिओवर सांगू नये. या लहरी कोणीही ऐकू शकतो आणि घरच्यांना बातमी अशी कळू नये.

कंट्रोलने ‘आणीबाणी, सर्वांनी शांत’ असे सांगितले की इतर चौक्यांनी बोलणे बंद करावे, पण आपल्यासमोरून जाणाऱ्या गाड्यांची नोंद कागदावर चालूच ठेवावी. लाल झेंडा स्वतःच्या मनाने कधीही दाखवू नये. तो निर्णय स्पर्धाप्रमुखाचा असतो आणि आदेश नेट कंट्रोलकडून येतो. आदेश आल्यावर झेंडा कोणत्या मिनिटाला उघडला आणि कोणकोणत्या गाड्यांना दाखवला, हे लिहून ठेवावे. झेंडा पाहिलेल्या चालकाने वेग ताबडतोब कमी करायचा असतो आणि त्याची वेळ पुढे कशी धरायची, हे याच नोंदीवर ठरते.

उपग्रहाच्या मदतीने

आता प्रत्येक गाडीत बसवता येणारी जीपीएस यंत्रणा उपलब्ध आहे. टास्मानियात विकसित झालेली रॅलीसेफ ही जागतिक रॅली स्पर्धांत वापरली जाते आणि अपघाताची सूचना मागच्या गाडीलाही देते. हॅम मंडळींकडे बॉब ब्रुनिंगा यांनी विकसित केलेली एपीआरएस पद्धत आहे, जिच्यात छोटा प्रक्षेपक आपले स्थान रेडिओवरून ठरावीक वेळाने पाठवत राहतो. परंतु चाळीस गाड्यांनी दर तीस सेकंदांनी अर्ध्या ते एक सेकंदाचा संदेश एकाच वारंवारतेवर पाठवला तर मिनिटात ऐंशी संदेश होतात आणि ते एकमेकांवर आदळतात. म्हणून नव्या गटाने एपीआरएस आधी स्पर्धकांपूर्वी जाणाऱ्या शून्य क्रमांकाच्या अधिकृत गाड्या, रुग्णवाहिका आणि शेवटची स्वीप गाडी यांतच बसवावे. रुग्णवाहिका या घडीला कोठे आहे हे कंट्रोलला पडद्यावर दिसणे फार उपयोगाचे आहे. कागदाचा तक्ता मात्र त्यामुळे बंद करू नये. दरीत गेलेल्या गाडीचा जीपीएस गप्प होऊ शकतो, आणि कोणत्या चौकीनंतर गाडी दिसली नाही हे तेव्हा कागदच सांगतो.

चौकी उठवताना

स्पर्धेच्या आधी ०००, ०० आणि ० क्रमांकांच्या गाड्या जातात, त्यांची नोंद स्पर्धकांसारखीच करावी. शून्य क्रमांकाची गाडी गेली की स्टेज जिवंत झाली असे समजावे आणि त्यानंतर रस्ता ओलांडू नये, कोणाला ओलांडू देऊ नये. गावातली मुले आणि गुरे यांच्याकडे या वेळी विशेष लक्ष लागते. शेवटी स्वीप गाडी येते. ती गेल्यावरही जागा सोडायची नाही. कंट्रोल प्रथम हिशेब जुळवते: सुटलेल्या गाड्या बरोबर पोहोचलेल्या अधिक मध्येच थांबलेल्या, आणि थांबलेल्या प्रत्येक गाडीचे दोन्ही प्रवासी प्रत्यक्ष भेटलेले किंवा स्वीपमध्ये बसलेले असावे लागतात. हा आकडा जुळेपर्यंत खांब उतरवू नये आणि संच बंद करू नये. ‘चौकी दोन, आपण मोकळे’ हे शब्द आले की तक्त्याखाली वेळ घालून सही करावी आणि कागद स्वतःच्या हाताने कंट्रोलकडे द्यावा.